गुहेतली मुरी, ओढ्यातली मुरी : प्रकल्प नोंदी (नाशिक, जानेवारी ते जून २०२५)

१२ जानेवारी, रविवार

आज सकाळी अकरावीच्या नऊ विद्यार्थ्यांना घेऊन पांडवलेण्यांवर गेले. प्रकल्पाचा विषय आशियातील गुहावासी मुऱ्या, म्हणजे तळाशी राहणारे मिशाळ छोटे मासे, आणि त्यांचे उघड्या पाण्यातील नातेवाईक असा ठरल्यापासून पहिली फेरी अंधाऱ्या जागीच व्हावी, असा मुलांचा आग्रह होता. दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात त्रिरश्मी डोंगरावर हे लेणे आणि या ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, करविल्याचे लिहिलेले आहे, हे त्यांना दाखवले. लगेच एक मुलगी टाक्याच्या काठावर ओणवी झाली, टॉर्चचा झोत पाण्यात सोडला आणि म्हणाली, “मॅडम, यात आंधळे मासे असतील का?”

नसतील, आणि ते का नसतील, हे समजावून सांगण्यातच आजचा बहुतेक वेळ गेला. लेणे माणसाने खोदलेले असते आणि गुहा पाण्याने कोरलेली असते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडीच्या भेगांत शिरते, दगड विरघळवते आणि लाखो वर्षांत जमिनीखाली नद्या, डोह आणि बोगदे यांचे एक अखंड जाळे तयार होते. अशा जाळ्यात अडकून पडलेल्या माशांच्या असंख्य पिढ्या अंधारात गेल्या, तर डोळे आणि रंग हळूहळू गळून पडतात. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो चुनखडीसारखा विरघळत नाही. तो तडकतो, झिजतो, त्याचा मुरूम होतो, आणि पाणी त्याच्या सांध्यांत आणि मांजऱ्यात, म्हणजे छिद्राळ थरांत, साठून राहते. आंधळी मुरी नाशिकमध्ये सापडेल, अशी आशा या प्रकल्पाने बाळगलेली नाही. तिचे डोळस भाऊबंद मात्र आपल्या प्रत्येक जिवंत ओढ्यात आहेत, आणि त्यांच्यापासूनच सुरुवात करायची आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर टिपणांचे काम. मुलांनी मुरीसाठीचा ‘लोच’ हा इंग्रजी शब्द पाठ केला होता; तो मी फळ्यावरून पुसला आणि त्या जागी ‘मुरी’ लिहिले. याला आधार आहे. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लेख प्रसिद्ध केला आणि इथल्या लोकांच्या तोंडची नावे थेट शास्त्रीय नावांत घेतली. त्याच्या ‘कोबायटिस मूरेह’मध्ये आपली मुरी आहे, आणि आज ‘गारा मुल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशात आपला मल्या आहे. दख्खनच्या मराठी माणसाने साइक्सला सांगितलेला शब्द १८६ वर्षांनंतर जगभरच्या संग्रहालयांतील बाटल्यांवर चिकटलेला आहे, ही गोष्ट मुलांना फार भावली. मलाही ती दर वेळी नव्याने भावते.

नात्याची मांडणी अशी केली. राहू, कटला, महाशीर, मल्या आणि सर्व मुऱ्या हे एकाच मोठ्या गणात येतात. त्यातल्या मुऱ्यांची अनेक कुळे आहेत. आपल्या प्रकल्पात मुख्यतः नेमाकायलिडी कुळ आहे. या माशांचे अंग लांबट, पोट तळाला टेकलेले आणि तोंड खाली वळलेले असून तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असतात. कोबायटिडी कुळातल्या मुरीला डोळ्याखाली एक बारीक काटा असतो, जो हाताळताना बोटाला टोचतो. नेमाकायलिडींना तो नसतो. मिशांनी चाचपून अन्न शोधणे, दगडाखाली शिरणे आणि मंद उजेडात वावरणे हे गुण या माशांना उजेडात असतानाच लाभलेले आहेत. त्यामुळेच आशियातल्या गुहांत हे कूळ पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे शिरलेले दिसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

बेझे गावाजवळचा ओढा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गुप्त होते आणि इथल्या चक्रतीर्थावर पुन्हा प्रकट होते, अशी श्रद्धा आहे; जमिनीखालच्या पाण्याच्या प्रकल्पाला याहून योग्य गाव मिळाले नसते.

पाणी घोट्यापर्यंत, थंड आणि नितळ. दोन मुलांनी खालच्या अंगाला हातजाळी धरली, एकाने वरचे दगड हलकेच उचलले, आणि तिसऱ्या खेपेला जाळीत दोन जातींच्या मुऱ्या आल्या. दोन्ही काचेच्या अरुंद पेटीत ठेवून जवळून पाहिल्या.

पहिली साइक्सची ‘मूरेह’. पाठीवरचा पर लांब बुडाचा आणि शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला काळा ठिपका, एखाद्या तान्ह्या बाळाला तीट लावावी तसा. दुसरी लहान, बोटाच्या दोन पेरांएवढी, मातकट अंगावर गडद आडवे पट्टे असलेली आणि गोलसर शेपटीची. तिच्या नाकपुडीची कड पुढे ओढली जाऊन तिथे एक छोटी मिशीच झालेली होती, त्यामुळे समोरून पाहताना मिशांची चौथी जोडी असल्याचा भास होत होता. ही इंडोरिओनेक्टिस या वंशातली मुरी. ती पेटीच्या तळाशी स्थिर बसली होती, फक्त कल्ल्यांची झाकणे हलत होती. मग तिने एक मिशी पुढे करून काचेला स्पर्श केला, थांबली, पुन्हा केला. एक मुलगा कुजबुजला, “चाचपतेय.” गुहेतल्या माशाबद्दल पुस्तकातून जे सांगायला मला पाऊण तास लागला असता, ते त्या एका स्पर्शात मुलांनी पाहिले.

काठावर गुरे घेऊन आलेल्या एका आजींनी पेटीत डोकावून सांगितले, “मुरीच ती. पाणी आटलं का वाळूत शिरती, वर पाऊस पडला का निघती.” त्यांच्या या वाक्याची नोंद मी वहीच्या पहिल्या पानावर केली आहे.

दोन इंडोरिओनेक्टिस निरीक्षणासाठी प्रयोगशाळेत आणल्या, बाकीच्या जिथून घेतल्या त्याच दगडांजवळ सोडल्या.

२ मार्च, रविवार

वाईट दिवस. शनिवारी सकाळी टाकीतले पाणी कमी झालेले पाहून मी नळाचे पाणी थेट ओतायला सांगितले. ते रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन जाऊ द्यावे, हा नियम मीच मुलांना शिकवलेला आहे आणि मीच तो घाईत मोडला. आज दोन्ही मुऱ्या मेलेल्या सापडल्या. त्या अळकुडीच्या पानाखाली वर्गाच्या बागेत पुरल्या. मुलांना खरे कारण सांगितले. यापुढे मासा प्रयोगशाळेत आणायचा नाही. जे पाहायचे ते ओढ्यावर, पेटीत, दहा मिनिटांत पाहून परत सोडायचे, असा निर्णय सर्वांनी मिळून घेतला.

२३ मार्च, रविवार

आजची नोंद कोटुमसरची, आणि माझ्या मते सबंध प्रकल्पाचा गाभा हाच आहे.

छत्तीसगडमधील बस्तर भागात, कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात, कोटुमसर ही चुनखडीची गुहा आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरते आणि ती पर्यटकांसाठी बंद ठेवावी लागते. आतल्या डबक्यांत राहणारी मुरी अभ्यासकांनी ज्या नावाने नोंदवली, ते नाव इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी. आणि याच नावाचा मासा फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याहून वर्णिला होता. म्हणजे बस्तरच्या अंधारातला मासा आणि सह्याद्रीच्या ओढ्यातला मासा एकाच नावाखाली नांदत आले. गुहेतल्या माशांचे डोळे लहान झालेले आणि रंग उतरलेला असतो, पण हा बदल सर्वांत सारखा नसतो. कुणात अधिक, कुणात कमी. बदल घडून संपलेला नाही, तो घडत असताना सापडलेला आहे, म्हणून अभ्यासकांना या माशाचे मोल अधिक वाटते.

रायपूरच्या संशोधकांनी या माशावर अनेक वर्षे काम केले. ही मुरी अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते; त्या घोटांच्या वेळा मोजून, सूर्य कधीच न दिसणाऱ्या जागी दिवसरात्रीचे घड्याळ माशाच्या शरीरात शिल्लक राहते का, हा प्रश्न त्यांनी १९८९ च्या सुमारास हाती घेतला. पुढे २००१ मध्ये गुहेतल्या मुरीच्या हालचालींची लय उघड्यावरच्या मुरीशी तोलून पाहणारा अभ्यासही प्रसिद्ध झाला. ही तुलना करायची तर उघड्यावरचा मासा हाताशी असावा लागतो. आंधळ्या माशाने काय गमावले, हे त्याच्या डोळस नातेवाइकावाचून मोजता येत नाही.

दुसरी बाब नावाची. मुलांनी बेझ्याच्या माशाच्या छायाचित्राखाली ‘इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी’ असे सुबक अक्षरांत लिहून ठेवले होते. मी त्यातला दुसरा शब्द खोडायला सांगितला, आणि त्यावर बरीच नाराजी झाली. कारण असे की, उत्तर सह्याद्रीतले हे मासे एकच जात नाहीत, हे आता स्पष्ट झाले आहे. २०२१ मध्ये गोदावरी खोऱ्यातल्या मुळा नदीतून ‘नीलेशी’ आणि कृष्णा खोऱ्यातल्या हिरण्यकेशीतून ‘राजीवी’ अशा दोन नव्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या. आपला ओढाही गोदावरीच्याच खोऱ्यातला, पण केवळ तेवढ्यावरून त्याला ‘नीलेशी’ म्हणणे हीसुद्धा घाईच होईल. मणके, परांतले काटे आणि जनुके तपासल्याशिवाय नाव पुरे करायचे नाही. लेबलवर ‘इंडोरिओनेक्टिस, बेझे’ एवढेच राहील. अर्धे नाव लिहिणे हा कमीपणा नाही, हे मुलांना पटायला थोडा वेळ लागला.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी असल्याने मुले आली नाहीत. मी एकटीने भित्तिपत्रकाचा आशियाचा नकाशा पुरा केला.

पश्चिमेकडून सुरुवात केली. इराणच्या लोरेस्तान प्रांतात झाग्रोस पर्वताच्या पोटातून एका झऱ्याच्या मुखाशी आंधळे मासे वर येतात. त्यांतला एक १९४४ मध्ये वर्णिला गेला. तो आता गारा टिफ्लॉप्स या नावाने ओळखला जातो. दुसरा ग्रीनवूड यांनी १९७६ मध्ये वर्णिला. ती नेमाकायलिडी कुळातली मुरी आहे आणि तिचे आजचे नाव आयडिनेमाकायलस स्मिथी. म्हणजे एकाच अंधाऱ्या पाण्यात एक मल्याचा चुलत भाऊ आणि एक मुरीची चुलत बहीण राहतात. हे लक्षात आले तेव्हा मी पेन खाली ठेवले. बेझ्याच्या ओढ्यात एकाच दगडावर वरच्या बाजूला शेवाळ खरवडणारा मल्या आणि त्याच दगडाखाली मुरी, हे आम्ही महिन्यापूर्वी पाहिले होते. हीच जोडी झाग्रोसच्या पोटात, डोळे आणि रंग गमावून, सोबतीने टिकून आहे. पत्रकाच्या मध्यभागी हे चित्र घ्यायचे ठरवले. स्मिथीच्याच वंशातली दुसरी मुरी २०१६ मध्ये इराकच्या कुर्दिस्तानातून वर्णिली गेली.

पुढे तुर्कमेनिस्तानच्या कुगितांग डोंगरातली स्टारोस्टिनी ही आंधळी मुरी, १९८३ मधली. नंतर चीन. तिथे ट्रिप्लोफायसा या वंशाची कथा विलक्षण आहे. याच वंशाच्या मुऱ्या तिबेटच्या पठारावर पाच हजार मीटरांहून अधिक उंचीच्या पाण्यात राहतात आणि याच वंशाच्या तीसहून अधिक जाती ग्वीचौ, ग्वांग्शी, युन्नान या चुनखडीच्या प्रदेशांत जमिनीखाली राहतात.

थायलंडच्या मे हाँग सोन प्रांतात क्रिप्टोटोरा थामिकोला आहे. थाई भाषेत ‘थाम’ म्हणजे गुहा. हा बालिटोरिडी कुळातला, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरांचा, बिनडोळ्यांचा मासा गुहेतल्या धबधब्याच्या ओल्या कातळावर चढतो. त्याच्या कमरेची हाडे पाठीच्या कण्याशी घट्ट जोडलेली असून तो पुढचे-मागचे पर पालीसारखे आळीपाळीने टाकत चालतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. माशांत अशी जोडणी अपवादात्मक आहे. केवळ त्या हाडांच्या आकृतीसाठी मी पत्रकाची एक पूर्ण चौकट दिली आहे.

डोळे का जातात, याचा मजकूर लिहिताना ‘वापर नाही म्हणून गेले’ हे सोपे वाक्य टाळले. डोळा आणि त्याच्यामागचा मेंदूचा भाग चालता ठेवायला ऊर्जा लागते. मेक्सिकोतल्या टेट्रा माशांवरच्या २०१५ च्या अभ्यासात एक ग्रॅम वजनाच्या माशासाठी हा खर्च विश्रांतीतल्या एकूण ऊर्जेच्या सुमारे १५ टक्के आढळला. गुहेत हिरवी वनस्पती नसते. अन्न येते ते पुराबरोबर वाहून आलेल्या पाचोळ्यातून आणि वटवाघळांच्या विष्ठेतून. जिथे प्रत्येक कण मोजून मिळतो, तिथे निरुपयोगी डोळ्यावर एवढा खर्च करणारा जीव मागे पडतो. मासा मेक्सिकोचा असल्याचे तळटीप न देता मजकुरातच स्पष्ट लिहिले आहे.

२० एप्रिल, रविवार

मेघालयाची चौकट. खासी आणि प्नार लोकांच्या भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. क्रेम सिंरांग पामियांगमधून २००७ मध्ये शिस्टुरा पापुलिफेरा आणि क्रेम लार्केटमधून २०१७ मध्ये शिस्टुरा लार्केटेन्सिस वर्णिली गेली. दुसरी तर गुहेच्या तोंडापासून सुमारे पाचशे मीटर आत सापडली. त्याच जैंतिया टेकड्यांतला निओलिसोकायलस प्नार हा महाशीरांचा नातेवाईक ४० सेंटिमीटरांहून मोठा होतो आणि आकारमानाने जगातल्या गुहावासी माशांत तो सर्वांत मोठा मानला जातो. २०१९ मध्ये त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली, २०२३ मध्ये त्याला नाव मिळाले, आणि ते त्या भूमीतल्या प्नार लोकांचे आहे. चुनखडीच्या खाणी आणि कोळशाच्या बिळांसारख्या खाणींतून येणारे आम्लयुक्त पाणी हे त्या टेकड्यांपुढचे संकट आहे, एवढे लिहून थांबले. पत्रकात जागा उरली नाही.

४ मे, रविवार

विहिरी. केरळात चुनखडीच्या गुहा नसतानाही जमिनीखालचे मासे आहेत, कारण तिथल्या जांभ्या दगडात पाणी खेळते. कोळिकोड जिल्ह्यातल्या एका सहा मीटर खोल विहिरीतून २०१९ मध्ये पँजिओ भुजिया वर्णिली गेली. ती कोबायटिडी कुळातली मुरी. लालसर, गांडुळासारखी बारीक, पाठीवर पर नाही, पोटाखाली पर नाहीत. खाण्याच्या भुजियासारखी दिसते म्हणून हे नाव. तिथलाच होराग्लानिस हा आंधळा मासा मुरी नसून शिंगाळ्याच्या जातकुळीतला आहे. त्याच्या चौथ्या जातीला २०२३ मध्ये ‘पोप्युली’, म्हणजे लोकांचा, असे नाव दिले गेले. कारण सहा वर्षे सामान्य लोकांनी आपल्या विहिरी आणि नळ पाहून अभ्यासकांना माहिती पुरवली.

यावरून एका विद्यार्थ्याने गावाकडच्या विहिरीची पाहणी केली. पाण्यात बेडूक, पाणकिडे आणि गाळ निघाला, मासा नाही. त्याने तारीख, खोली आणि ‘मासा नाही’ असे तीन रकाने नीट भरून आणले. ही नोंद मला कोणत्याही सापडलेल्या माशाइतकीच महत्त्वाची वाटते, आणि मी ती पत्रकाच्या मागच्या बाजूला जशीच्या तशी चिकटवली आहे.

१८ मे, रविवार

बेझ्याच्या ओढ्यातल्या आमच्या तीन ठरलेल्या जागांपैकी मधली जागा आज उरलेली नव्हती. गोटे आणि वाळू ट्रॅक्टरने उचलून नेलेली होती, चाकोऱ्या ताज्या होत्या आणि खाली उघडा पडलेला काळा खडक तापलेला होता. मुरी गोट्यांमधल्या फटीत राहते, तिथेच अंडी घालते, आणि आजींनी सांगितले तसे पाणी आटल्यावर तिथेच खाली शिरते. खडकात शिरायला तिला जागा नाही. आपण गुहेतल्या माशाचे घर म्हणजे दुर्मिळ वास्तू समजतो आणि ओढ्यातल्या गोट्यांना माल समजतो, याचा मला फार त्रास झाला. नाशिक शहरात गोदापात्रातल्या कुंडांवर काँक्रीट टाकले गेले आणि नंतर ते काढण्याची वेळ आली, हे या मुलांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. त्यामुळे त्यांना वेगळे काही सांगावे लागले नाही.

वरच्या आणि खालच्या जागा शाबूत आहेत. वरच्या डबक्यात सहा इंडोरिओनेक्टिस मोजल्या. ग्रामपंचायतीला देण्यासाठी तिन्ही जागांची फेब्रुवारीतली आणि आजची छायाचित्रे तारखेसह एका कागदावर लावली.

१५ जून, रविवार

यंदा पाऊस मेच्या अखेरीसच आला. आज ओढा गढूळ आणि मांडीपर्यंत आहे. पाण्यात उतरलो नाही. भित्तिपत्रक गावातल्या मंदिराच्या पडवीत लावले. डावीकडे झाग्रोस, कुगितांग, मे हाँग सोन, जैंतिया आणि कोटुमसर. उजवीकडे बेझ्याच्या ओढ्यातला एक दगड, वर मल्या आणि खाली मुरी.

आजी आल्या. त्यांनी उजवीकडची मुरी लगेच ओळखली. डावीकडच्या पांढुरक्या माशावर बोट ठेवून विचारले, “हिचे डोळे कुठं गेले?” ज्या मुलीने जानेवारीत पांडवलेण्यांच्या टाक्यात टॉर्च मारला होता, तिने त्यांना पाचोळा, वटवाघळे आणि ऊर्जेचा खर्च, सगळे सावकाश समजावून सांगितले. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पण मिशा राखल्या तिनं.”

मिशांची लांबी दोन्ही चित्रांत एकाच प्रमाणात काढलेली नाही, हे मला तेव्हा दिसले. पुढच्या रविवारी ती दुरुस्त करायची आहे. पाणी उतरल्यावर मधल्या जागी पुरासोबत नवे गोटे आले का, तेही पाहायचे आहे.